माशांचं पाणी आणि आईचं नको

आईला अर्धांगवायूचा झटका आला त्या वर्षी मी अडतीस वर्षांची होते. पवनारच्या शाळेत गणित शिकवत होते, आणि आपल्याइतकं शहाणं घरात दुसरं कुणी नाही अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत कशी मोडली ते सांगायचं आहे. सांगताना मी स्वतःला फार सांभाळून घेणार नाही, कारण तेव्हा मीही कुणाला सांभाळून घेतलं नव्हतं.

वर्ध्यात आमचं तीन खोल्यांचं घर. बाबा हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, निवृत्त होऊन घरी बसलेले. धाकटा भाऊ हैदराबादला नोकरीला. मी लग्न केलं नव्हतं, आणि ते का केलं नाही हे विचारण्याची कुणाची हिंमतही उरली नव्हती, इतकी माझी जीभ तिखट. झटका उन्हाळ्यात आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकाच सकाळी गेलं. तीन आठवड्यांनी आईला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तिच्याजवळ एकच शब्द उरला होता. नको.

चहा दिला की नको. कूस बदलायला गेलं की नको. शेजारीण भेटायला आली तरी नको. कधी कधी नको म्हणत म्हणतच ती सगळा चहा पिऊन टाकायची. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, मेंदूला असा मार बसला की एखादाच शब्द जिभेवर राहतो आणि तोच सगळीकडे येतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. त्यांचं हे बोलणं मी फार आनंदानं ऐकून घेतलं. दिवसभरात शंभर वेळा येणाऱ्या त्या शब्दापाशी प्रत्येक वेळी थांबायचं म्हटलं असतं, तर मला साडेनऊची बस कधीच मिळाली नसती. घरात ठरूनच गेलं की आईचं नको धरायचं नाही. जिच्या शब्दावर तीस-पस्तीस वर्षं घर चाललं, तिचा उरलेला एक शब्द आम्ही असा बाद करून टाकला.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. रोज सकाळी तिच्याकडून काहीतरी मोजून घ्या. मोजणं मेंदूत वेगळ्या जागी असतं म्हणे, त्या वाटेनं बाकीचं बोलणंही परत येऊ शकतं. पण जे काय परत यायचं ते पहिल्या वर्षात येईल, पुढे कठीण. मग मी चमचे मोजायला दिले, बांगड्या मोजायला दिल्या. आई भिंतीकडे तोंड फिरवायची.

भाऊ सुटीवर आला तेव्हा त्यानं पुढच्या खोलीत, तिच्या पलंगासमोर, काचेची मोठी टाकी आणून ठेवली आणि नागपूरहून पाच गोल्डफिश आणले. एक पांढरा होता, डोक्यावर लाल टोपी घातल्यासारखा. आई त्यांच्याकडे बघायला लागली. दिवसभर बघायची. पोळ्याच्या सुमाराला एका सकाळी तिनं डावा हात उचलला, काचेकडे बोट केलं आणि म्हणाली, "एक." बाबा मोरीत दात घासत होते, ते तसेच फेस भरल्या तोंडानं बाहेर आले. गणपतीपर्यंत ती तीनवर पोचली. घटस्थापनेच्या आसपास पाच. पाचही मासे मोजून झाले की ती आमच्याकडे अशी बघायची की, बघा, अजून मी आहे. आमच्या घरातली सगळी आशा त्या टाकीत पोहत होती असं म्हटलं तर त्यात काही वाढवून सांगितलेलं नाही.

म्हणूनच भावानं ते यंत्र पाठवलं. पाणी बिघडलं तर मासे जातील आणि मासे गेले तर आईचे आकडे जातील, ही त्याला धास्ती. दुरून काळजी करणाऱ्याला पैसे आणि यंत्रं याशिवाय पाठवता तरी काय येतं! टिफिनएवढा डबा होता. त्यातून वायर निघून तिच्या टोकाला पेनासारखी एक दांडी, ती कायम पाण्यात बुडवून ठेवायची. दर सहा तासांनी डबा आपोआप, आणि बटण दाबलं की लगेच, पाणी तपासायचा आणि आकडा दाखवायचा. पाणी आंबटाकडे झुकलंय की चुन्याकडे, हे सांगणारा आकडा. सात म्हणजे मधोमध. सातच्या फार खाली गेलं तर आंबट, फार वर गेलं तर चुन्याचं, आणि मर्यादा सोडली की डबा पी-पी करून ओरडायचा. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यामुळे रोज साडेसात-पावणेआठ यायचं. मी वहीत लिहून ठेवायची. बाबांचा आपला एकच शेरा. "मासा कसा पोह्यते ते पाहाव, पाणी समजते. त्याले डबा कायले पाह्यजे?" मी म्हणायची, बाबा, नाकानं कांदे सोलू नका, शास्त्र आहे ते.

पण यंत्राबद्दल बाबांच्या मनात वेगळाच मान होता. जिनिंगमध्ये दसऱ्याला सगळी यंत्रं थांबवून धुवायचे, प्रत्येकाला तेलात कालवलेलं कुंकू लावायचे. नुसतं कोरडं कुंकू फिरत्या यंत्रावर टिकत नाही म्हणून तेलात. पूजा न झालेलं यंत्र बोट मागतं, असं ते मानायचे. एकाचं बोट त्यांच्या डोळ्यांदेखत गेलंही होतं. घरी ही पूजा आई करायची. शिलाई मशीन, मिक्सर, विळा, बाबांचे पाने-पेचकस, माझी पुस्तकं. त्या वर्षी ती पडून, तेव्हा मी म्हटलं, मी लावते. बाबा म्हणाले, "नाई. तिच्याच हातानं होईन."

आईचा डावा हात चालत होता. पण कुंकू डाव्या हातानं कसं लावायचं? वाटी पुढे केली तर तिनं स्वतःच डावा हात पाठीमागे घेतला. मग मी तिचा उजवा हात उचलला. ज्यानं असा हात उचलला असेल त्यालाच तो किती जड असतो हे कळेल. मी तिचं करंगळीजवळचं बोट धरलं, वाटीत बुडवलं आणि एकेका वस्तूवर टेकवत गेले. बोटात जोर नव्हता, म्हणून मी दाबत होते. तिच्या बोटाला किती कुंकू लागलंय, किती दाबलं जातंय, हे तिलाही कळत नव्हतं आणि मलाही. माशांच्या डब्यावर लावलं. "त्या कांडीलेही," बाबा म्हणाले, "काम तर थेच करते." मी दांडी पाण्यातून काढून पुसली आणि तिच्या टोकावर, जिथे जाळीचं टोपण असतं तिथे, आईचं बोट चांगलं दाबून धरलं. मग वरवरचं पुसून दांडी परत पाण्यात सोडली. त्या दिवशी आई एकदाही नको म्हणाली नाही. सगळ्या वस्तूंना कुंकू लागलेलं बघून ती हसली. तिचा चेहरा एकाच बाजूनं हसायचा, पण ती हसली.

दसऱ्याच्या साफसफाईत सकाळीच टाकीची काच घासून तिसरा हिस्सा पाणी बदललं होतं. ते लक्षात ठेवा, कारण मी तेच लक्षात ठेवलं आणि बाकीचं विसरले. दुसऱ्या दिवशी पहाटे डबा ओरडला. आकडा आठ पॉइंट नऊ.

मी वही उघडली. कालपर्यंत साडेसात, आज एकदम आठ पॉइंट नऊ. काय बदललं? पाणी बदललं. म्हणजे पाण्यातच दोष. गणिताच्या बाईंनी उदाहरण सोडवलं आणि खाली दोन रेघाही मारल्या.

तरी मी शहाणपणाचे सगळे उपाय केले. डब्यातले सेल बदलले. फ्रिजच्या स्टॅबिलायझरजवळ होता म्हणून त्याची जागा बदलली. बंद करून पुन्हा चालू केला. आठ पॉइंट आठ. मग दांडी माठातल्या पिण्याच्या, दोन दिवस आधी भरलेल्या पाण्यात धरली. तिथेही आठ पॉइंट आठ. आता कुठल्याही शहाण्या माणसाला कळायला हवं होतं की दोन निरनिराळ्या पाण्यांना एकच आकडा येतो तेव्हा पाण्याकडे नाही, डब्याकडे बघावं. मी काय केलं? बोअरच बिघडली असं ठरवून सगळ्या घराचं पाणी उकळायला लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याला काय मिळणार आहे?" आकडा खाली आणायची एक औषधी नागपूरला मिळते हेही त्यानंच सांगितलं. रविवारी मी गाडीनं जाऊन ती बाटली आणली. सकाळी चार थेंब, संध्याकाळी चार थेंब. आकडा जागचा हलला नाही. मग आठ-आठ थेंब. मग बारा-बारा.

पहिल्याच दिवशी मी बाटली घेऊन टाकीजवळ गेले तेव्हा आई म्हणाली, "नको."

टाकी तिच्या पलंगापासून चार हातांवर होती, मधून जाताना तिच्या डाव्या हाताच्या टप्प्यातून जावं लागायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं माझा पदर धरला. "नको." मी सोडवून घेतला. नंतर ती मनगट धरायला लागली. डाव्या हातात तिच्या चांगलीच ताकद होती. "नको. नको. नको." मी म्हटलं, "आई, तुझ्या माशांसाठीच करते आहे ना!" आणि बोटं एकेक करून सोडवली. बाबा खुर्चीतून बघत होते. ते म्हणाले, "मासे वर येऊन तोंड मारून राह्यले, बाई. आधी असे नाई करत होते."

"म्हणूनच तर औषध टाकतेय."

"औषध टाकल्यापासूनच करून राह्यले, असं वाट्टे मले."

मी त्यांना वही दाखवली. आकडे वाचून दाखवले, मोठ्यानं, वर्गात दाखवते तसे. बाबा गप्प बसले. ते माझ्यापुढे नेहमीच गप्प बसायचे आणि मी त्याला पटणं समजायची.

दोन आठवडे झाले असतील. शाळेत सहामाही परीक्षा होती, मला लवकर पोचायचं होतं. मी आईच्या उशाशी, तिच्या पाठीमागे, स्वतःची वेणी घालत उभी होते आणि तोंडानं म्हणत होते, "हं, मोज, आई."

"एक," ती म्हणाली. "दोन. तीन. चार."

आणि थांबली.

"पाच," मी म्हटलं.

"चार."

मी तिच्या समोर जाऊन पंजा उघडून धरला. "आई, पाच. कालपर्यंत म्हणत होतीस. पाच म्हण."

तिनं माझ्या पंजाकडे बघितलंच नाही. माझ्या बाजूनं मान काढून ती टाकीकडे बघत होती. "चार," ती म्हणाली, आणि मग, "नको."

मला भीती वाटली. हातात आलेला आकडा निसटला, आता उद्या तीन होईल, परवा दोन. भीती वाटली की मी ओरडते, ही माझी जुनी खोड. मी तिच्याकडून पाच म्हणवून घेतलं. तीनदा. तिसऱ्यांदा तिनं "पाच" म्हटलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला वाटलं, जमलं म्हणून रडते आहे. मी तिचे डोळे पुसले, पाठ थोपटली, शाबास म्हटलं आणि बस पकडली.

संध्याकाळी बाबा दारातच उभे होते. "एक गेला," ते म्हणाले. हवेच्या पंपामागे, काचेला चिकटून, तो लाल टोपीवाला. "सकाळपासूनच असन तिथं. मले दिसला नाई."

चार. ती बरोबर मोजत होती. घरात तीन माणसं, त्यांतल्या दोघांचे डोळे-हात-पाय धड, एक तर आकड्यांवर पोट भरणारी, आणि त्या सकाळी मासे फक्त तिनं मोजले होते. मी टाकीकडे न बघता तिच्याकडून खोटं वदवून घेतलं होतं. वर शाबास म्हटलं होतं. आजही हे लिहिताना माझे कान तापतात.

तरीही, खरं सांगते, यंत्राबद्दल मला त्या दिवशीही शंका आली नाही. मला वाटलं थेंब कमी पडले. संध्याकाळी सोळा टाकले. दुसऱ्या दिवशी आणखी दोन मासे गेले.

तेव्हा बाबा मला न विचारता गल्लीच्या टोकाच्या घरी गेले. तिथे एक शेजारी राहायचे, कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत सहायक. पन्नाशीचे, कमी बोलणारे. दसऱ्याला ते दरवर्षी सगळं घर घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे आणि मग तिथल्या नातेवाइकांकडे राहायचे, त्यामुळे इतके दिवस ते गावात नव्हते. ते रविवारी सकाळी आले, खिशात तीन छोट्या बाटल्या आणि कागदाच्या पट्ट्यांची एक घडी घेऊन.

त्यांनी वही बघितली नाही. आकडा काय येतो तेही विचारलं नाही. आधी मासे बघितले. मग आईकडे बघून म्हणाले, "वहिनी दिवसभर इथंच असते नं? थे काय म्हणते?"

असं कुणी विचारेल याची मला कल्पनाच नव्हती. "ती काय म्हणणार," मी म्हटलं. "ती सगळ्यालाच नको म्हणते."

त्यांनी एक पट्टी पाण्यात बुडवली. पट्टीचा रंग नारिंगी झाला. "पाणी आंबट झालं, ताई. पाचच्या आसपास असन. तुमचा डबा काय सांगते?"

"आठ पॉइंट सात."

त्यांनी बाटल्या उघडून तीन ग्लासांत ओतल्या. ज्यांचा आकडा आधीच माहीत आहे अशी ती पाणी होती. एकाचा चार, एकाचा सात, एकाचा नवाच्या थोडा वर. डब्याची दांडी एकेकात धरली. डब्यानं चारला साडेआठ म्हटलं, सातला आठ पॉइंट सहा, नवाला आठ पॉइंट नऊ. अवघ्या पाच मिनिटांचं काम, आणि इतके दिवस मी उकळलेलं पाणी पीत होते.

"याचा गळा दाबला कोणं तरी," ते म्हणाले आणि दांडीच्या टोकाचं जाळीचं टोपण हळूहळू फिरवून काढलं. आत काचेचा एक नाजूक मणी असतो. तो दिसतच नव्हता. त्याच्याभोवती लाल, तेलकट गोळा बसलेला. त्यांनी तो कापसावर घेतला, बोटांत चोळला, वास घेतला. एक क्षण माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. "हळदीत चुना घालून कुंकू बनवते, त्यात तेल. यंत्र खोटं नाई बोललं, ताई. थे पाणी मोजतच नव्हतं. हे मोजून राह्यलं होतं."

ते पूजा मानणारे गृहस्थ नव्हते. आम्हाला चार शब्द सुनवायचा त्यांना पुरेपूर हक्क होता. त्यांनी एक शब्द काढला नाही, कोमट पाण्यानं आणि साबणानं तो मणी धुतला. मी म्हटलं, "पण मी थेंब टाकत होते, दोन आठवडे मासे ठीक होते." ते म्हणाले, "आपलं पाणी जड हाय, त्यानं थेंबांचं आंबट गिळलं होईन तितकं. मंग गिळवलं नाई."

मी आईच्या उजव्या हाताकडे बघितलं. मी एकटीच नव्हते बघत, बाबाही बघत होते. आणि मग माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळे तिच्यापासून चार हातांवर उभे आहोत, ती जागी आहे आणि तिला कान आहेत. तिनं लाल कापूस बघितला होता. तिनं डाव्या हातानं चादर ओढली आणि उजवा हात झाकून घेतला.

"माये, तुह्यं काई नाई," बाबा पलंगाजवळ जाऊन म्हणाले. बायकोला ते माये म्हणालेले मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. "म्याच म्हटलं होतं कांडीले लाव म्हणून."

"हात मी धरला होता," मी म्हटलं. "आई, तू नको म्हणत होतीस. रोज म्हणत होतीस. मी ऐकलं नाही." एवढं बोलायला मला फार त्रास झाला. माफी मागायची सवय नव्हती. मी तिचा झाकलेला हात चादरीवरूनच धरला, पण तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

उरलेले दोन मासे वाचले. दिवाळीच्या सुटीत मी आणखी तीन आणले, टाकी पुन्हा भरली. आईनं पुन्हा मोजलं नाही. मी पलंगापाशी बसून वाट बघायची, "एक" म्हणून सुरुवात करून द्यायची, ती माझ्याकडे शांतपणे बघायची. माझ्यावर रागावली होती, की आपल्याच हातानं मासे मेले म्हणून, की तिचं खरं मी खोडून काढलं म्हणून आता मोजण्यात तिला अर्थ वाटत नव्हता, मला कधीच कळलं नाही. वर्ष सरलं. डॉक्टर म्हणाले, आता यापुढे काही येईल असं वाटत नाही. नको एवढं राहिलं.

मग मी त्या शब्दापाशी थांबायला शिकले. फार उशिरा, पण शिकले. ती नको म्हणाली की हातातलं काम जिथल्या तिथे सोडायचं आणि शोधायचं. चहा गरम आहे का? उशीची शिवण टोचतेय का? खिडकीतून ऊन डोळ्यांवर येतंय? शेजारीण मोठ्यानं बोलतेय? काही वेळा काहीच सापडायचं नाही, तो शब्द नुसताच आलेला असायचा. पण बहुतेक वेळा सापडायचं. एकदा गोळ्यांची पट्टी मी दुसरीच उघडली होती. एकदा पाठीखाली मुंगळा निघाला. मला साडेनऊची बस कितीदा तरी चुकली, हेडबाईंची बोलणी खाल्ली. बाबा म्हणायचे, "आता कसं, बाई, तुहा कान उघडला." ते चिडवत होते, पण त्यांना बरं वाटत होतं.

अशी चार वर्षं गेली. पाचव्या वर्षीच्या हिवाळ्यात आईला दुसरा झटका आला. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिला गिळता येईना. डॉक्टर तरुण होते, चांगले होते, ते म्हणाले, नाकातून पोटात नळी घालावी लागेल, त्यावर ती काही महिने काढू शकेल. भाऊ हैदराबादहून आला होता. तो म्हणाला, लगेच घाला. नर्स नळी घेऊन आली. आईनं डावा हात वर केला. त्यात आता फारसा जोर नव्हता. "नको," ती म्हणाली.

मी उठून शोधलं. चादर बघितली, सलाइनची सुई बघितली, खिडकी बघितली, कूस बघितली. काही नव्हतं. मी नर्सला नळी जरा बाजूला ठेवायला सांगितली. आई शांत झाली. मी म्हटलं, आता आणा. नळी जवळ आली तसा हात पुन्हा वर गेला. "नको."

डॉक्टर समजुतीनं म्हणाले, "मॅडम, त्यांच्या फायलीत लिहिलंय, त्या सगळ्यालाच नको म्हणतात. या शब्दावर निर्णय घेता येत नाही." पाच वर्षांपूर्वी टाकीपाशी मीच हे एका भल्या माणसाला सांगितलं होतं. भाऊही म्हणाला, "ताई, तिला कळत नाहीये आता." बाबा दाराजवळ उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. ठरवायचं त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

नळी घालायची नाही अशा कागदावर मी सही केली आणि आईला घरी आणलं. ती सहा दिवस होती. चमच्यानं ओठ ओले करायचो तेवढंच. त्या सहा दिवसांत ती एकदाही नको म्हणाली नाही.

तेरावं आटोपल्यावर भावानं निघताना मला विचारलं. रागानं नाही, पण विचारलं. "ताई, तुला खात्री होती?"

मी म्हटलं, "नव्हती. आजही नाही. पण ती नको म्हणाली होती."